डब्यातला मार्शल आणि आपले कान

होस्टेलमध्ये गिटार वाजवणाऱ्यांच्या सरळसरळ दोन पार्ट्या आहेत. पहिली म्हणते, "ट्यूब अ‍ॅम्पशिवाय टोन नाही, बाकी सगळा प्लास्टिकचा आवाज." या पार्टीतल्या बहुतेकांनी ट्यूब अ‍ॅम्प फक्त मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेला असतो. दुसरी म्हणते, "माझ्या अ‍ॅम्पमध्ये शंभर प्रीसेट आहेत." पण गॅदरिंगच्या दिवशी त्या शंभरातला एकही कामी येत नाही. शिवाय एक तिसरी पार्टी आहे. ती गिटार वाजवत नाही. ती शेजारच्या खोलीत राहते आणि तिचा उद्या एम-थ्रीचा पेपर असतो. या लेखात मला तिघांशीही थोडं थोडं भांडायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पान उलटता येईल. डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्प हाच होस्टेलचा खरा अ‍ॅम्प आहे. त्यातून चांगला टोन निघतो. निघत नसेल तर दोष डब्याचा कमी आणि आपल्या ऐकण्याच्या सवयीचा जास्त. आणि इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढून तो डबा आतून काय करतो हे विचारायचंच नाही, हे आपल्याला शोभत नाही.

डब्यात आहे तरी काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारेतून निघालेला सिग्नल अगदी अशक्त असतो. तो मोठा करायला अ‍ॅम्प लागतो. पन्नास आणि साठच्या दशकात फेंडर, व्हॉक्स, मार्शल यांनी जे अ‍ॅम्प बनवले ते व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचे, कारण तेव्हा तेच तंत्र हाताशी होतं. मार्शलचा पहिला अ‍ॅम्प १९६२ साली लंडनमधल्या एका वाद्यांच्या दुकानात तयार झाला. हे अ‍ॅम्प स्वच्छ आवाज देण्यासाठी बनवले होते. पोरांनी ते पूर्ण पिळले, ट्यूब क्लिप व्हायला लागल्या, सिग्नलची डोकी दबली, नवे हार्मोनिक्स तयार झाले आणि त्या बिघडलेल्या आवाजालाच जगाने "रॉक गिटार" म्हटलं. म्हणजे ज्याला आपण शुद्ध टोन म्हणून पुजतो तो मुळात डिस्टॉर्शन आहे. आपल्या पुस्तकात ज्याला नॉनलिनिअ‍ॅरिटी म्हणून नावं ठेवलेली असतात, तीच ही.

मॉडेलिंग म्हणजे त्या बिघाडाचं गणित मांडणं. १९९५ साली रोलंडने व्हीजी-८ काढला, १९९६ साली लाइन-६ ने मॉडेलिंग अ‍ॅम्प आणला आणि १९९८ साली त्यांचा पॉड नावाचा, राजम्याच्या दाण्यासारखा लाल डबा आला. घरात बसून, हेडफोन लावून, मोठ्या अ‍ॅम्पचा आवाज काढायची सोय तेव्हापासून सामान्य माणसाच्या हातात आली. पुढे २००६ मध्ये अ‍ॅक्स-एफएक्स आला आणि मोठमोठे व्यावसायिक बँडही ट्यूब अ‍ॅम्प घरी ठेवून असे डबे घेऊन दौऱ्यावर जायला लागले.

आत जे चालतं ते आपल्याच सिलॅबसमध्ये आहे. गिटारचा सिग्नल, समजा, सेकंदाला ४८,००० वेळा मोजला जातो. मग प्रीअ‍ॅम्पचं मॉडेल, म्हणजे एखादा टॅनएच सारखा वक्र, जो लहान सिग्नलला जवळपास तसाच जाऊ देतो आणि मोठ्या सिग्नलला हळूच दाबतो. मग टोन स्टॅक, म्हणजे फिल्टर. मग स्पीकरची पेटी, म्हणजे कॉन्व्होल्यूशन. खऱ्या कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स मोजून ठेवलेला असतो आणि आपला सिग्नल त्याच्याशी कॉन्व्हॉल्व्ह होतो. २०४८ सॅम्पलचा रिस्पॉन्स म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंद, पण डब्याच्या एकूण आवाजात या तुकड्याचा वाटा फार मोठा असतो. परीक्षेत ज्या कॉन्व्होल्यूशनच्या गणिताला आपण "हे कुठं कामी येणार बे?" म्हणतो, ते इथं दर सेकंदाला कामी येतं.

आता "डिजिटल आवाज कर्कश असतो" या तक्रारीकडे या. ती अगदीच खोटी नाही. ५ किलोहर्ट्झच्या सुराला डिस्टॉर्शन दिलं की त्याचा सातवा हार्मोनिक ३५ किलोहर्ट्झवर जातो. पण ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगमध्ये २४ च्या वर काही मावत नाही, म्हणून तो दुमडून १३ किलोहर्ट्झवर येऊन बसतो. १३ हा ५ च्या पटीतला नाही. सुराशी नातं नसलेला हा पाहुणा कानाला टोचतो. यालाच एलियासिंग म्हणतात. चांगले मॉडेलर आतल्या आत ओव्हरसॅम्पलिंग करून हा त्रास बराच कमी करतात. तेव्हा तक्रार करायची असेल तर अशी नेमकी करा. "डिजिटल म्हणजे आत्मा नाही" हे वाक्य वायवाला चालणार नाही, इथेही चालू नये.

दुसरी तक्रार लेटन्सीची. "वाजवलं की आवाज उशिरा येतो." हिशोब करून पाहा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे अ‍ॅम्पपासून तीन मीटर लांब उभे राहिलात तर ट्यूब अ‍ॅम्पचा आवाजही जवळपास नऊ मिलिसेकंद उशिराच येणार. डब्यातला उशीर बहुतेक वेळा याहून कमी असतो. स्टेजवर तीन मीटरवर उभं राहून कोणी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही.

पेटीवरचा जुना वाद

"खरं वाद्य" आणि "नकली वाद्य" हा वाद आपल्याकडे नवा नाही. हार्मोनियमचं उदाहरण घ्या. संगीत नाटकांच्या काळात महाराष्ट्राने पेटीला घरचं वाद्य केलं. गोविंदराव टेंबे यांच्यासारखे कलावंत पेटीमुळे ओळखले गेले. आणि तरी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. पेटीत मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, सूर ठरलेल्या जागी खिळलेले आहेत, हे आक्षेप. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली.

गंमत अशी की आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. पेटीत मींड खरंच निघत नाही. पण त्यामुळे पेटी मेली नाही. वाजवणाऱ्यांनी ती काय करू शकते ते शोधलं, काय करू शकत नाही ते गायकावर सोडलं आणि संगत अशी केली की आज मैफलीत पेटी नसली तर चुकल्यासारखं वाटतं. तीच गोष्ट इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची. १९७९ च्या सुमारास बंगळुरात तो तयार झाला. मिरजेच्या कारागिरांनी भोपळ्यातून कोरलेल्या तानपुऱ्याची सर त्याला नाही, हे कोणीही सांगेल. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आणि ते योग्यच झालं. पण पहाटे पाच वाजता भाड्याच्या खोलीत रियाज करणाऱ्या मुलीला जो सूर हातात मिळाला तो त्या छोट्या डब्यामुळे. मोठं वाद्य मोठंच राहतं. लहान वाद्यामुळे रियाज थांबत नाही. मॉडेलिंग अ‍ॅम्पची जागा मला नेमकी हीच वाटते.

टोन कसा बसवायचा?

आता मुद्द्याचं. माझ्या मते नव्या अ‍ॅम्पवर पहिलं काम प्रीसेट ऐकण्याचं नाहीच. फॅक्टरी प्रीसेट दुकानातल्या गिऱ्हाईकाला भुलवण्यासाठी बनवलेले असतात. त्यात डिले, रिव्हर्ब, कोरस, गेन, सगळं लग्नाच्या पंगतीसारखं एकाच ताटात वाढलेलं असतं. दुकानात पाच मिनिटं भारी वाटतं. ड्रम सुरू झाले की त्यातलं काहीच ऐकू येत नाही.

सुरुवात रिकाम्या पॅचपासून करा. एक अ‍ॅम्प मॉडेल, एक कॅबिनेट, बाकी सगळं बंद. त्याआधी गिटारकडे पाहा. तारा गंजल्या असतील तर कोणतंही मॉडेल त्यांना नव्या करत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या लवकर गंजतात. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा उन्हातल्या खिडकीशी टेकवलेल्या गिटारची मान वाकते, तारा फ्रेटपासून वर जातात आणि पोट्टे म्हणतात, "अ‍ॅम्प बेसुरा आहे." ट्यूनिंग, इंटोनेशन, पिकअपची उंची, या तीन गोष्टी आधी. स्क्रूड्रायव्हर आणि ट्यूनर एवढंच सामान लागतं.

मग गेन. रेकॉर्डिंगमध्ये जो जाड, भरलेला आवाज ऐकू येतो तो बहुतेक वेळा एका गिटारचा नसतो. तोच भाग दोनदा, चारदा वाजवून एकमेकांवर रचलेला असतो. आपण एकट्या गिटारमधून तो आवाज काढायला गेन शेवटपर्यंत फिरवतो. मग सिग्नल इतका दबतो की हळू वाजवलं काय आणि जोरात काय, सगळं सारखंच. पिकचा घाव नाहीसा होतो, कॉर्डमधले सूर एकमेकांत कालवले जातात. म्हणून गेन तुम्हाला बरा वाटतो तिथपर्यंत न्या आणि तिथून थोडा मागे घ्या. मग गिटारचा व्हॉल्यूम नॉब सहावर आणून पाहा. आवाज स्वच्छ व्हायला लागला तर गेन जागेवर आहे. हात हलका-भारी केल्यावर जर टोन बदलत नसेल, तर तिथे तुम्ही वाजवत नाही, डबा वाजतोय.

तिसरं, मिड्स. खोलीत एकटं वाजवताना बेस आणि ट्रेबल वाढवून मिड्स खाली आणले की आवाज भव्य वाटतो. पण गिटारचं घरच मिड्समध्ये आहे. सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बाविसाव्या फ्रेटचा सगळ्यात वरचा सूर सुमारे ११७५ हर्ट्झला, आणि त्यांचे महत्त्वाचे हार्मोनिक्स त्यापुढे तीन-चार हजारांपर्यंत. खाली बेस गिटार आणि किक ड्रम बसलेले, वर झांजा बसलेल्या. तुम्ही मिड्स सोडून दिले तर तुमच्या वाट्याला जागाच उरत नाही. बऱ्याच जुन्या अ‍ॅम्पच्या टोन स्टॅकची रचना तर अशी की सगळे नॉब मध्यावर ठेवले तरी मिड्स थोडे दबलेलेच असतात. चांगली मॉडेल्स हा गुणही तसाच उचलतात. म्हणून "बाराच्या काट्यावर ठेवलं म्हणजे फ्लॅट" असं समजू नका. कानाने ठरवा.

चौथं, दोन टोकं कापा. गिटारचा खरा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. हेडफोन आणि पीए सिस्टीम मात्र सगळं प्रामाणिकपणे ऐकवतात. म्हणून ८०-१०० हर्ट्झच्या खाली आणि सहा-सात किलोहर्ट्झच्या वर फिल्टर लावून पाहा. मोहोळ उठल्यासारखी जी चरचर असते ती बरीचशी इथेच जाते.

पाचवं, कॅबिनेट सिम्युलेशन. हेडफोनला, मिक्सरला किंवा लॅपटॉपला जोडताना ते चालू पाहिजे. मॉडेलरमधून दुसऱ्या गिटार अ‍ॅम्पमध्ये जात असाल तर बंद करून पाहा, कारण तिथे खरा स्पीकर आहेच. दोन पेट्या एकावर एक चढल्या की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो, एकही नसली की मोहोळ. आपल्याकडच्या निम्म्या "माझा अ‍ॅम्प बेकार आहे" या तक्रारी या एका स्विचपाशी संपतील असा माझा अंदाज आहे.

शेवटचं, तुलना करताना दोन्ही पॅचचा आवाज सारखा करा. माणसाच्या कानाला मोठं ते चांगलं वाटतं. हा नियम गिटारलाच लागू आहे असं नाही, वादविवाद स्पर्धेलाही लागू आहे.

कर्ज (१९८०) मधली ती धून आपल्या मजल्यावर गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाने छळली आहे. ती गोरख शर्मा यांनी वाजवली तेव्हा मॉडेलिंग नावाचा प्रकार जन्मालाही आलेला नव्हता. आज कोणी विचारतो, "कर्जचा पॅच आहे का?" अरे बाबा, पॅच मिळेल, पण प्रत्येक सुरावरचा तो ठहराव पॅचमध्ये नाही. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन सुरू झाला, तोच पुढे इंडस क्रीड झाला. त्यांचे गिटारवादक महेश तिनईकर आणि त्या पिढीतले बाकीचे वादक ज्या काळात वाजवायला लागले, तेव्हा परदेशी वाद्य आणि अ‍ॅम्प आणणं म्हणजे आयात शुल्काचं आणि ओळखीपाळखीचं काम होतं. मिळेल त्या सामानातून आवाज काढायचा हीच शाळा होती. आपल्याकडे आज शंभर अ‍ॅम्पची मॉडेल्स आहेत आणि आपण त्यातल्या एकालाही आठवडाभर देत नाही.

खोलीतला टोन स्टेजवर का मरतो?

दरवर्षी गॅदरिंगला एकच नाटक होतं. खोलीत महिनाभर बसवलेला टोन स्टेजवर गेला की घुमतो आणि टोचतो. मग साऊंडवाल्याला शिव्या. साऊंडवाल्याची बाजू घ्यायला कोणी नसतं, म्हणून मी घेतो.

१९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिलं की आपला कान सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखं वागवत नाही. आवाज लहान असताना खालचे आणि फार वरचे सूर कानाला कमी ऐकू येतात. आवाज मोठा झाला की ते जास्त वेगाने वर येतात. आता रात्री अकरा वाजता हळू आवाजात पॅच बनवला तर तुम्ही नकळत बेस आणि ट्रेबल वाढवणार, कारण ते कमी ऐकू येतायत. तोच पॅच मैदानावर दहापट आवाजात गेला की वाढवलेला बेस घुमणार आणि ट्रेबल कानात खिळा ठोकणार. यात साऊंडवाल्याचा दोष कुठे आहे? स्टेजसाठीचा पॅच स्टेजच्या आवाजातच बसवावा लागतो. त्याला दुसरा उपाय नाही. आणि हॉलचा पत्रा स्वतःच इतका रिव्हर्ब देतो की तुमचा रिव्हर्ब बंदच ठेवलेला बरा.

तीन पॅच पुरतात. क्लीन, क्रंच आणि लीड. लीडला तीन डेसिबल जास्त आणि थोडे मिड्स जास्त. मिक्सरला डीआय बॉक्समधून जा आणि मिक्सरच्या माइक इनपुटला मॉडेलरचा पूर्ण आउटपुट ठोकू नका, नाहीतर जे डिस्टॉर्शन निघेल ते मार्शलचं नसेल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. आवाजात घूं येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. तो घूं ५० हर्ट्झच्या मेन्सचा आणि त्याच्या पटीतला असतो. सिंगल कॉइल पिकअप, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाईलचा चार्जर, खराब वायरिंग, यांपैकी काहीही कारण असू शकतं. ती कारणं शोधा, जागा बदला, नॉइज गेट लावा. पण अर्थिंग तोडू नका. एका हातात गिटारची तार आणि ओठाला धातूचा माइक, आणि दोन्हीच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक, या स्थितीत लोकांचे जीव गेले आहेत. टोनसाठी जीव द्यायची गरज नाही. आणि इलेक्ट्रिकल ब्रँच असलेल्या कॉलेजात तर अजिबातच नाही.

नवीन घ्यायचा का?

हा प्रश्न पैशाचा आहे आणि म्हणूनच खरा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावर वर्ष ठरतं. घरून आलेल्या पैशातून अ‍ॅम्प घ्यायचा तर तो का घेतोय हे स्वतःला सांगता आलं पाहिजे.

आपण ज्या गावाशेजारी शिकतो तिथली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचल्या तर ती आजच्या भाषेतली स्पेसिफिकेशन शीट वाटते. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. देशात बनलेला हवा. वीस वर्षं टिकावा. वर्षाचा दुरुस्ती-खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा. बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. पण यंत्र कुणासाठी, कुठे आणि किती खर्चात चालणार हे आधी लिहून काढायचं आणि मग यंत्राकडे पाहायचं, ही शिस्त त्यात आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३८ साली सुरू झालेलं मगन संग्रहालय याच विचाराचं. आपल्यातले कितीजण तिथे गेलेत?

आपली शीट लिहून पाहू. रात्री दहानंतर वाजवता यावा. म्हणजे हेडफोन. खोलीत कॉटखाली मावावा. घरी नेताना एसटीत मांडीवर घेता यावा. लाईट गेली तरी चालला तर उत्तम. गॅदरिंगला मिक्सरला थेट जोडता यावा. या शीटवर शंभर वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पहिल्याच अटीला नापास होतो. तो खऱ्या टोनसाठी जितका उघडावा लागतो तितका उघडला तर ११० डेसिबलच्या वर सहज जातो. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. वॅटच्या मागे लागणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

मग छोटा मॉडेलर पास. आणि ज्याच्याकडे तो आधीच आहे त्याला नवा घ्यायची गरज सहसा नसते. आता तर स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये एक ठरावीक सिग्नल पाठवायचा, बाहेर आलेला रेकॉर्ड करायचा आणि न्यूरल नेटवर्कला दोन्हींमधलं नातं शिकवायचं. लॅपटॉप आणि साधा ऑडिओ इंटरफेस एवढ्यावर ते चालतं. प्रोजेक्टला तेच ते फेस रेकग्निशन करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कॉलेजला आणि होस्टेलला

आता शेजारच्या खोलीतली पार्टी आणि रेक्टर सर. तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. पी.एल. मध्ये भिंतीपलीकडून एकच रिफ चाळीस वेळा ऐकणं ही शिक्षा आहे. पण "गिटार बंद" हा नियम चुकीच्या गोष्टीवर बंदी घालतो. त्रास गिटारचा नाही, स्पीकरचा आहे. नियम असा करा: रात्री दहा ते सकाळी सहा आणि पी.एल. मध्ये पूर्ण वेळ, फक्त हेडफोन. जो मोडेल त्याचा अ‍ॅम्प महिनाभर ऑफिसात जमा. हा नियम आम्ही वाजवणारेच पाळून घेऊ, आमच्यातला एक जण दर मजल्यावर जबाबदार राहील.

आमच्याकडून एक मागणीही आहे. जिमखान्याने एक मध्यम किमतीचा मॉडेलर, दोन डीआय बॉक्स आणि एक बऱ्यापैकी हेडफोन घ्यावा आणि कॉमन रूममध्ये ठेवावा. सोबत एक वही. ज्याने जो पॅच बनवला त्याने त्यात लिहावं: कोणतं मॉडेल, गेन किती, कुठे वाजवला, काय बिघडलं. जर्नल आपण एकमेकांचं पाहून उतरवतोच. हे जर्नल तरी अनुभवाने भरू. ज्याच्या घरून अ‍ॅम्पचे पैसे येऊ शकत नाहीत त्या पहिल्या वर्षाच्या पोराला त्यामुळे आठवड्यातले दोन तास मिळतील. सध्या त्याला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज फक्त दुसऱ्याच्या खोलीबाहेर उभं राहून ऐकता येतो. या सगळ्या लेखात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट तीच आहे.

आणि ईएनटीसीच्या सरांना विनंती, डीएसपीच्या प्रॅक्टिकलला एक दिवस साइन वेव्हऐवजी गिटार जोडू द्या. टॅनएचचा वक्र बदलला की काय ऐकू येतं, सॅम्पलिंग रेट कमी केला की एलियासिंग कसं टोचतं, हे एकदा कानाने कळलं की आकृती पाठ करावी लागणार नाही. सामान लॅबमध्ये आहे. गिटार आम्ही आणतो, तारा नव्या लावून.